पाठकोऱ्या कागदाची पुढची बाजू

शनिवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. आखाती देशातल्या बुरैदा शहरात, खजूर बाजाराच्या मागे असलेल्या स्टेशनरीच्या दुकानात एक माणूस आला. त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक कागद काढला, माझे झाकण स्वतःच उघडले आणि तो कागद माझ्या काचेवर ठेवला.

"हा इथून निघाला का?" त्याने विचारले.

कागद इथूनच निघाला होता. ही गोष्ट जानेवारी २००४ मधली आहे.

मित्रांनो, मी एक जुने झेरॉक्सचे यंत्र आहे. झेरॉक्स म्हणतात म्हणून म्हणायचे. माझ्या अंगावरच्या पाटीवर दुसरेच नाव होते आणि ती पाटी केव्हाच निखळून पडली. यंत्रे आपली कहाणी सांगतात तेव्हा बहुधा आपण किती राबलो ते सांगतात. मीही राबले. पण मला सांगायचे आहे ते निराळे आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटते. म्हणून मी जे पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगेन. जे मला ठाऊक नाही, तिथे ठाऊक नाही असे म्हणेन.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लाकडी खोक्यात बसून मी दम्मामच्या बंदरात उतरले आणि तिथून ट्रकने वाळवंट ओलांडून बुरैद्याला आले. पहिली काही वर्षे एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत गेली. कंपनीने नवे यंत्र घेतले तेव्हा अबू नासिर यांनी मला आपल्या दुकानात आणले. ते या दुकानाचे मालक. वह्या, पेन, रबरी शिक्के आणि मी, एवढा त्यांचा पसारा.

त्या दिवसांत मला फार मान होता. तुम्हाला वाटेल, नकला काढण्यात कसला मान? पण परदेशातून कामाला आलेल्या माणसाचे सारे आयुष्य तिथे कागदावर उभे असते. इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना; तेव्हा ती छोटी वहीसारखी असे. इकाम्याची नक्कल, कफीलच्या, म्हणजे जामीन राहून कामाला ठेवणाऱ्या मालकाच्या, पत्राची नक्कल, दवाखान्याच्या चिठ्ठीची नक्कल. सुतार, गवंडी, नर्स, ड्रायव्हर, सगळे माझ्यापुढे रांग लावत. "या दुकानातली नक्कल स्वच्छ येते," असे लोक म्हणत. मला ते ऐकायला आवडायचे.

एक खोड मात्र होती. बराच वेळ रिकामी बसले, की माझी पहिली प्रत नीट येत नसे. रूळ कागद तिरका ओढी, किंवा अक्षरे फिकट उमटत. दुसऱ्या प्रतीपासून सारे ठीक.

ही खोड सांभाळून घेणारा माणूस मला १९९८ मध्ये मिळाला. त्याचे नाव दत्ताराम. तो राजापूरचा. तिथे कचेरीच्या फाटकासमोर टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात त्याने दहा वर्षे काढली होती. बायको गावी होती, मुलगी अपेक्षा शाळेत होती. दत्ताराम मशीनवर कधी हात आपटत नसे. अडकलेला कागद तो फाटू न देता, काटा काढावा तसा काढी. दसऱ्याला तो मला पुसून लख्ख करी आणि काचेवर काहीही न ठेवता एक प्रत काढी. निघालेला कोरा कागद घडी करून खिशात ठेवी. तिथे याहून जास्त काही करता येण्यासारखे नव्हते. मला तेवढे पुष्कळ होते.

राजापूरहून तो एक सवय घेऊन आला होता. बिघडलेली प्रत तो टाकत नसे. तिची मागची बाजू कोरी असते. असा पाठकोरा कागद फेकणे म्हणजे त्याच्या लेखी अन्न पानात टाकण्यासारखे. माझ्या उजव्या अंगाला त्याने एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला आणि त्यावर मराठीत लिहिले, 'पाठकोरे'. दुकानात येणाऱ्यांपैकी एकालाच ते वाचता येई. कोणतेही मोठे काम आले की दत्ताराम माझी खोड ओळखून पहिली प्रत पाठकोऱ्यावर काढून बघे आणि मग कोरे कागद भरी. अबू नासिर यांना हे पटत नसे. गिऱ्हाइकाचा कागद दुकानात राहता कामा नये, बिघडला की फाडून टाक, असे त्यांनी त्याला दोनदा सांगितले होते. दत्ताराम मान हलवी आणि कागद खोक्यात ठेवी.

ज्या एकाला ते मराठी अक्षर वाचता येई तो म्हणजे इस्मत. दापोलीकडचा. खजुराच्या शीतगृहात तो हिशेबनीस होता आणि मदरशात सात वर्षे अरबी शिकलेला होता. गुरुवारी सुट्टी असे. सकाळी तो दुकानात येई आणि दत्तारामची टिंगल करी.

"दत्ता, उद्या यम आला तर त्यालाही पाठकोऱ्यावर सही देशील तू."

"देईन की," दत्ताराम म्हणे. "त्याला कुठे फाइल करायचंय?"

आता उस्ताद सुलेमान यांच्याविषयी. ते याच शहरात मुलांच्या शाळेत अरबी शिकवत. उंच, किंचित वाकलेले, आवाज हळू. ते दर बुधवारी दुपारच्या नमाजानंतर येत. येताना घरच्या झाडाचे खजूर आणत आणि दत्तारामपुढे ठेवून म्हणत, "खा. पण मग हात धू आणि मग यंत्राला हात लाव. यंत्राला राग आला तर माझं काम कोण करणार?" माझ्या रागाची काळजी करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यांचे काम असे. संगणकावर टाइप केलेली पाने ते आणत आणि प्रत्येकाच्या बारा प्रती काढून घेत. पानांवर कुणाचेच नाव नसे. दत्तारामला अरबी आकडे येत, इकाम्यावरचे रकाने समजत, पण वाचता येत नसे. त्याने कधी विचारले नाही. बिघडलेल्या प्रती उस्ताद स्वतः मागून घेत. दत्ताराम देई. पण कधी दुकानात गर्दी असे, कधी एखादी फिकट प्रत नंतर माझ्या पोटातून निघे. ती त्याच्या खोक्यात जाई.

२००३ च्या डिसेंबरमधल्या एका गुरुवारी इस्मतला गावी पत्र लिहायचे होते. त्याने खोक्यातून एक कागद उचलला, काउंटरवर ठेवला आणि सवयीने उलटून पाहिला. मग तो लिहायचे सोडून वाचत राहिला.

"हे कुणाचं?"

"मास्तरांचं. का रे?"

इस्मतने दुकानाच्या दाराकडे पाहिले. मग त्याने ते हळू आवाजात मराठीत सांगितले. मी त्या पानाच्या बारा प्रती काढल्या होत्या, पण त्यात काय आहे ते मला त्या दिवशी कळले.

"पाखरांच्या भीतीने आम्ही शेतात बुजगावणं उभं केलं. पाखरं गेली. मग ते आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं. आता आम्हीच आमच्या शेतात वाकून चालतो."

दत्तारामने तो कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, "शेतकऱ्याची कविता आहे."

"हो," इस्मत म्हणाला. "बुजगावणं कोण, ते तुला कळलं ना?"

"कळलं."

"मग सगळ्यांनाच कळतं."

मित्रांनो, अरबी लोकांना कवितेचे केवढे वेड आहे ते तुम्ही तिथे राहिल्याशिवाय समजणार नाही. लग्नात कविता, मेजवानीत कविता, टीव्हीवर कविता. त्यातली राज्यकर्त्याची स्तुती करणारी कविता माइकवर म्हणतात. राज्यकर्त्याला प्रश्न विचारणारी कविता कागदावरून कागदावर, हातातून हातात जाते. अशा कविता अनेक अरबी देशांत लिहिल्या जात होत्या, आणि उस्ताद त्यांचाच अभ्यास लिहीत होते. सगळीच पाने कवितेची नव्हती. काही पानांवर त्यांचे स्वतःचे विवेचन होते. इस्मतने खोक्यातले तसले एक पानही वाचून दाखवले. त्यात असे काही होते: जुना कवी राजाच्या दारात उभा राहून त्याचे नाव मोठ्याने घेई आणि बक्षिसाची वस्त्रे घेऊन घरी जाई. आजचा कवी नाव घेत नाही. तरी वाचणारा राजाला ओळखतो. राजा स्वतःला ओळखतो की नाही, तेवढाच प्रश्न उरतो.

"हे सगळं आजच जाळ," इस्मत म्हणाला. "मास्तरांना काही बोलू नकोस. फक्त जाळ."

दत्ताराम त्या दुपारी खोका घेऊन बसला. खोक्यात चांगली चार बोटे थप्पी होती. भाडेकरार, प्रश्नपत्रिका, अर्ज, पावत्या, सगळे अरबीत. त्याला वाचता येत नव्हते, पण कविता ओळखता येत होती. ओळी आखूड, कडेला भरपूर जागा. तशी सहा पाने त्याने निवडली, बारीक फाडली आणि दुकानामागच्या डब्यात जाळली. इस्मतने वाचलेले विवेचनाचे पान त्याला आठवत होते. तेही त्याने जाळले. पण विवेचनाची पाने भाडेकरारासारखीच दिसतात. सगळी थप्पी जाळायला हवी होती. त्याने ती हातात तोलली. मागची बाजू पांढरीस्वच्छ होती. त्याने ती खोक्यात परत ठेवली.

मी हे सारे पाहत होते. यंत्राला बोलता येत नाही, ही सबब मी पूर्वी स्वतःला देत असे. पण अडकायला तर येते ना! मी आठवड्यातून दोनदा तरी अडकत असे.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका शाळेचा कारकून सहामाही परीक्षेचे वेळापत्रक घेऊन आला. चाळीस प्रती हव्या होत्या. अजानला थोडाच अवकाश होता. अजान झाली की दुकान बंद करावेच लागते. उघडे दिसले तर दारात धर्मपोलिसांची गाडी येऊन उभी राहते. कारकून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. दत्तारामने खोक्यातला एक कागद घेतला आणि पहिली प्रत काढली. मी सकाळपासून रिकामी होते. ती तिरकी यायला हवी होती, निदान फिकट. ती सरळ आणि ठळक आली. का, ते मला आजही सांगता येत नाही. दत्तारामलाही बरे वाटले असावे. त्याने मला थोपटले. मग उरलेल्या प्रती निघाल्या, अजान सुरू झाली, त्याने सगळा गठ्ठा एकत्र ठोकून सरळ केला आणि कारकुनाच्या हातात दिला. पहिली प्रत गठ्ठ्यातच राहिली.

पुढचे मला त्या शनिवारी आलेल्या माणसाच्या तोंडून कळले. तो कोणत्या कार्यालयातून आला होता ते त्याने सांगितले नाही. शाळेत वेळापत्रके जागोजागी चिकटवली. एक प्रत मुख्याध्यापकांच्या खोलीच्या काचेच्या दारावर बाहेरून लावली. बाहेरून वेळापत्रक, आतून उस्तादांचे विवेचन, आणि त्यात बुजगावण्याच्या दोन ओळी. मुख्याध्यापक दोन दिवस त्याच्यासमोर बसून काम करत होते. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी ते वाचले.

हे सांगताना तो माणूस हसला नाही. आतल्या बाजूचा मजकूर कुणी आणला होता, एवढेच त्याने विचारले. अबू नासिर काउंटरमागे उभे होते. ते दत्तारामला म्हणाले, "खरं काय ते सांग आणि कामाला लाग."

"रोज शंभर माणसं येतात," दत्ताराम म्हणाला. "मला वाचता येत नाही."

"वाचता येत नाही, बरोबर," तो माणूस म्हणाला. त्याने काचेवरचा कागद उचलून पाकिटात ठेवला आणि हात पुढे केला. "इकामा."

दत्तारामने खिशातून इकामा काढून दिला. त्या माणसाने तो उघडून माझ्या काचेवर पालथा ठेवला आणि झाकण लावले.

"दोन प्रती."

बटण दत्तारामनेच दाबले. मी तेव्हा नुकतीच सुरू झाले होते, दिवसाची पहिलीच प्रत होती. ती निर्दोष आली. त्याचा फोटो, त्याचे नाव, परवान्याची मुदत, सगळे स्वच्छ. दुसरीही तशीच. त्या माणसाने प्रती घडी केल्या. मग इकामाही उचलला आणि प्रतींबरोबर आपल्या खिशात ठेवला.

इकाम्याशिवाय तिथला परदेशी माणूस रस्त्यावरही उभा राहू शकत नाही. दत्तारामने त्या खिशाकडे पाहिले. अबू नासिर यांनी दुसरीकडे पाहिले.

"मास्तर आहेत," दत्ताराम म्हणाला. "बुधवारी येतात."

"नाव?"

"सुलेमान."

त्या माणसाने काही लिहून घेतले नाही. इकामा माझ्या झाकणावर ठेवला, सलाम केला आणि तो गेला. नऊ वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. पंचवीस मिनिटांत सारे आटोपले.

दत्तारामने त्या दिवशी पाठकोऱ्यांचा खोका रिकामा केला. एकूण एक कागद जाळला. रिकामा खोका मात्र तिथेच ठेवला.

बुधवारी उस्ताद आले नाहीत.

गुरुवारी इस्मत आला. त्याला बाजारात काहीतरी कळले होते. तो बसला नाही.

"तू सांगितलंस?"

"इकामा खिशात घातला त्याने."

"मी ते नाही विचारलं."

"अपेक्षा बारावीला आहे, इस्मत."

"तेही नाही विचारलं."

दत्ताराम काउंटरवरचे कागद सरळ करू लागला. इस्मत निघून गेला. त्यानंतर तो दीड वर्ष या दुकानात आला नाही. मी त्याला दोष देत नाही, आणि दत्तारामला दोष देण्याचा मला हक्क नाही. तो घाबरला होता. मी कशाला घाबरले होते? माझा तर इकामाही नव्हता.

मे महिन्यात एक तरुण आला. त्याने आपले नाव हमद असे सांगितले. उस्ताद सुलेमान यांचा धाकटा भाऊ. त्याच्या हातात एक अर्ज होता. भावाला कुठे ठेवले आहे एवढे तरी कळावे, असा तो अर्ज होता. त्याच्या दहा प्रती हव्या होत्या. पहिली तिरकी आली. दत्तारामने ती फाडली आणि तुकडे हमदच्याच हातात दिले.

"भाऊ याच दुकानात यायचा," हमद म्हणाला. "म्हणायचा, तिथल्या हिंदुस्थानी माणसाला वाचता येत नाही, पण कागद जपून हाताळतो. त्याच्याकडे निर्धास्त जावं."

दत्ताराम प्रती मोजत होता. त्याने त्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तेवढ्यात अजान झाली, म्हणून बोलायचे राहिले, असे सांगता आले तर मला बरे वाटले असते. पण अजानला वीस मिनिटे होती. दुकानात तिसरे कुणी नव्हते. दत्तारामने तोंड उघडले आणि म्हणाला, "दहा आहेत. बरोबर आहेत."

हमदने खजुरांचा डबा माझ्या झाकणावर ठेवला. घरच्याच झाडाचे, असे तो म्हणाला. दत्तारामने तो डबा उघडला नाही. आठवड्याने त्याला मुंग्या लागल्या.

त्या वर्षीच्या दसऱ्याला दत्तारामने मला पुसले, पण कोरी प्रत काढली नाही. पुढेही काढली नाही. त्याचा इकामा वेळेवर नवा होत राहिला. २००७ मध्ये तो कायमचा गावी गेला. शेवटच्या दिवशी त्याने पाठकोऱ्यांचा खोका उचलला, त्यावरचे मराठी अक्षर असलेला पुठ्ठा फाडून घेतला आणि बॅगेत ठेवला. खोका मागे राहिला. वर्षभराने नवे यंत्र आले आणि मला मागच्या खोलीत वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी ढकलले. माझ्या काचेवर आता एक गंजका स्टेपलर आहे. धूळ बसते. त्याची तक्रार नाही. कौतुक ऐकण्याची हौस तर कधीच गेली.

मित्रांनो, यंत्रे पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला शाळेत सांगतातच. पाठकोरा कागदही जरूर वापरा, दत्तारामची ती सवय वाईट नव्हती. फक्त लिहिण्याआधी तो उलटून पाहा. पुढच्या बाजूला कुणीतरी काहीतरी लिहिलेले असते. ते वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला विचारा. आणि त्याने जाळायला सांगितले, तर कागद चांगला आहे म्हणून थप्पी परत ठेवू नका.

इस्मत अजून बुरैद्यात आहे. मध्यंतरी त्याचे आणि दत्तारामचे फोनवर बोलणे सुरू झाले. परवा तो रिकामी खोकी न्यायला मागच्या खोलीत आला होता, तेव्हा राजापूरहून फोन आला. पलीकडचे बोलणे मला ऐकू आले नाही. इस्मत माझ्यावर कोपर टेकून बोलत होता.

"तबूकला म्हणे, पार उत्तरेला. एका शाळेत. सुलेमान नावाचे अरबीचे मास्तर रुजू झालेत म्हणतात." मग तो थांबला. "आपलेच का, ते नाही कळलं. सुलेमान तिथे पन्नास असतील." पुन्हा थांबला. "नाही, हमदला नाही विचारलं. तू विचार. नंबर देतो."

 इस्मतने खिशातून एक चिठ्ठी काढली. मग त्याने एक आकडा सावकाश सांगितला, आणि पुन्हा एकदा सांगितला.

हे जून २००९ मधले. दत्तारामने त्या नंबरवर फोन केला की नाही, हे अजून कळलेले नाही.